‘निवडा’ म्हणणारी यादी आणि यादीत नसलेला बौद्ध

“काका, हिंदू टाकू का? फॉर्म लगेच निघते.”

हे वाक्य कोणा धर्मांध पुढाऱ्याचे नाही. यवतमाळातल्या एका ऑनलाइन केंद्रावर बसणाऱ्या, वीस-बावीस वर्षांच्या, स्वभावाने अगदी सरळ अशा मुलाचे ते वाक्य आहे. त्याच्यासमोर बाभूळगाव तालुक्यातली एक मुलगी आणि तिचा बाप बसला होता. बाप शेतमजूर, मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला. एका शैक्षणिक योजनेच्या अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरलेले. ‘धर्म’ या चौकटीत मुलीने ‘बौद्ध’ निवडले आणि त्याखालची ‘प्रवर्ग’ ही चौकट उघडली, तर तिच्यात ‘अनुसूचित जाती’ हे शब्दच नव्हते. खुला होता, अल्पसंख्याक होता. अनुसूचित जाती नव्हती. मुलाने पान तीनदा नव्याने उघडून पाहिले. शेवटी प्रयोग म्हणून त्याने धर्माच्या चौकटीत ‘हिंदू’ निवडले. त्याबरोबर खाली ‘अनुसूचित जाती’ अवतरली आणि तिच्याखाली जातींची लांबलचक यादीही उघडली. म्हणून तो म्हणाला, काका, हिंदू टाकू का?

त्या बापाने मुलीला उठवले आणि दोघे थेट न्यायालयाच्या आवारात आमच्याकडे आले. तो म्हणाला, “वकीलसाहेब, माह्या बापानं छप्पन साली नागपूरले जाऊन जे टाकून देलं, ते मी पैशापाई पोरीच्या हातानं वापस कसं घेऊ?”

दुसऱ्या दिवशी आम्ही संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या कर्मचाऱ्याने सभ्यपणे विचारले, “अर्ज क्रमांक सांगा.” आम्ही म्हणालो, अर्ज पुढेच सरकत नाही तर क्रमांक येणार कुठून? तो म्हणाला, “मग अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. आम्ही काहीच नाकारलेले नाही. तक्रार कशाची करता?”

वाचकहो, तो कर्मचारी खोटे बोलत नव्हता. खरोखरच कोणी काही नाकारले नव्हते. कोणी आदेश काढला नव्हता, कोणाची सही नव्हती, जावक क्रमांक नव्हता. तरीही एका बौद्ध मुलीला तिचा घटनादत्त हक्क आणि तिचा धम्म यांपैकी एक निवडायला सांगितले गेले होते. हे कोणी सांगितले? एका यादीने. म्हणून आज आम्ही या यादीविषयी लिहिणार आहोत. संगणकाचा विषय आहे म्हणून पान उलटू नका. हा विषय आपल्या लेकरांच्या ताटातला आहे.

अर्जातल्या या खाली उघडणाऱ्या यादीला संगणकाच्या भाषेत ‘ड्रॉपडाऊन’ म्हणतात. चौकटीत आधी ‘निवडा’ असे लिहिलेले असते. तिच्यावर बोट ठेवले की पर्याय खाली उतरतात. अशा याद्या एकमेकींवर अवलंबून ठेवता येतात. जिल्हा यवतमाळ निवडला की पुढच्या चौकटीत यवतमाळचेच सोळा तालुके यावेत, तालुका निवडला की त्याच तालुक्यातली गावे यावीत, अशी ही रचना. ती चांगली आहे. राज्यातली हजारो गावे एकाच यादीत ओतली तर माणूस आपले गाव शोधता शोधता थकून जाईल.

हे घडते कसे? पडद्यामागे एक तक्ता असतो. त्यात प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक असतो आणि ‘हिचा पालक कोण’ तोही क्रमांक असतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७ आणि यवतमाळ जिल्ह्याचा ५१०. तुम्ही यवतमाळ निवडले की संगणक तक्त्याला विचारतो, ज्यांचा पालक ५१० आहे अशा नोंदी द्या. तेवढ्याच नोंदी तुमच्यासमोर येतात. ज्या नोंदीपुढे पालक म्हणून ५१० लिहायचे राहून गेले, ती नोंद तुमच्यापुरती जगात नाही. संगणक ‘नाही’ म्हणत नाही, ‘चूक’ म्हणत नाही. तो फक्त ती गोष्ट दाखवत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. पांढरकवडा हे गाव यवतमाळ जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? तहसील कार्यालय तिथेच आहे. पण तालुक्याचे अधिकृत नाव केळापूर. पांढरकवड्याचा नवखा माणूस तालुक्यांच्या यादीत ‘पांढरकवडा’ शोधतो, त्याला ते सापडत नाही. यादी रोमन अक्षरांच्या क्रमाने लावलेली असली तर झरी-जामणीचा माणूस ‘ज’ आणि ‘झ’ धुंडाळून परत फिरतो आणि त्याचा तालुका पार तळाशी, शेवटच्या अक्षरापाशी पडलेला असतो. त्याहून अवघड गोष्ट जुन्या पुराव्यांची. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला हा जिल्हा आधी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्याचे नाव यवतमाळ झाले आणि त्यात यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी व पुसद असे पाच तालुके होते. आज सोळा आहेत. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य व जात दाखवणारा पुरावा लागतो. आजोबांच्या कोतवाल बुकातल्या नोंदीवर जुना तालुका लिहिलेला आणि अर्जाच्या यादीत मात्र फक्त नवे तालुके! नातवाने जुना तालुका निवडला तर गाव येत नाही, नवा निवडला तर कागदाशी जुळत नाही. मग ‘तफावत’ असा शेरा पडतो आणि त्या एका शब्दापायी माणूस वर्षभर हेलपाटे घालतो.

गावाच्या बाबतीतली चूक मात्र निदान कोणाच्या तरी लक्षात येते. तलाठ्याला गाव ठाऊक असते, तहसीलदाराला ठाऊक असते. धर्म आणि जात यांच्या याद्या एकमेकींना बांधताना जी चूक होते ती साधी नसते. ती घटनेच्या विरुद्ध असते. आता त्या कायद्याकडे येऊ.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद या भागांतून माणसे बैलगाड्यांनी, रेल्वेने, पायी तिथे पोहोचली होती. पण १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद तेव्हा आड आला. हिंदूखेरीज अन्य धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असे तो म्हणत होता. १९५६ साली त्यात शीख जोडले गेले. बौद्ध जोडले गेले ते १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना, संसदेने कायदा केल्यावर! मधली चौतीस वर्षे कशी गेली? महाराष्ट्रात राज्य सरकारने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या दारात बौद्ध म्हणून गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतत होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली देशभर जो भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्याच्या मागण्यांत बौद्धांच्या सवलतींची मागणीही होती. त्यासाठी माणसांनी तुरुंग भोगले. एका पिढीने कागदावर हिंदू राहून नोकरी केली आणि घरात बुद्धवंदना घेतली. त्या कोंडीतून १९९० च्या कायद्याने आपल्याला सोडवले. आज कायदा स्वच्छ आहे: हिंदू, शीख किंवा बौद्ध, यांपैकी कोणताही धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची असू शकते.

आता संगणकाच्या तक्त्याकडे वळा. अर्ज बनवणाऱ्याने तक्त्यात प्रत्येक जातीला एकच पालक दिला. ‘महार’ या नोंदीचा पालक कोण? हिंदू. झाले! १९९० चा कायदा त्या एका ओळीत रद्द झाला. खरे पाहता राज्याच्या यादीत अनुसूचित जातींच्या ५९ नोंदी आहेत आणि त्या प्रत्येक नोंदीला तीन पालक हवेत: हिंदू, शीख आणि बौद्ध. हे तंत्राला अवघड आहे काय? मुळीच नाही. ‘कोणता धर्म कोणत्या प्रवर्गाशी जोडलेला’ असा एक छोटा जोडतक्ता ठेवला की काम भागते. एखाद्या जाणत्या मुलाचे ते अर्ध्या तासाचे काम आहे. अडचण तंत्राची नाही. अडचण अशी की अर्ज बनवणाऱ्याला १९९० चा कायदा ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला तो तक्ता कोणी दाखवत नाही.

दुसरी गफलत अल्पसंख्याक या शब्दाची. केंद्र सरकारने १९९३ साली मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, पारशी यांच्यासोबत बौद्धांनाही अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. म्हणजे बौद्ध माणूस धर्माने अल्पसंख्याक आहे आणि जातीने अनुसूचित जातीचाही असू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पण यादी बनवणारा या दोहोंना एकाच चौकटीत कोंबतो आणि म्हणतो, एक निवडा! दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळ्या चौकटी हव्यात, इतके साधे हे आहे.

तिसरी गफलत आपल्याच घरातली आहे आणि तीही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. दीक्षेनंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना शाळेत घालताना धर्म ‘बौद्ध’ आणि जातही ‘बौद्ध’ अशी नोंद केली. त्यामागे स्वाभिमान होता. पण ‘बौद्ध’ ही राष्ट्रपतींच्या आदेशातली जात नाही. ‘नवबौद्ध’ हीदेखील नाही. त्या यादीत सदतिसाव्या क्रमांकावर महार आहे, शेहेचाळिसाव्यावर मांग आहे. दाखला मिळतो तो मूळ जातीवर आणि बौद्ध धर्मांतराच्या नोंदीसह. शाळेच्या कागदावर एक, दाखल्यावर दुसरे आणि संगणकाच्या यादीत तिसरेच! तीन कागदांच्या या भांडणात चिरडले जाते ते पोर.

काही मंडळी म्हणतील, एवढ्याशा चौकटीचे काय घेऊन बसलात? त्यांना आम्ही घटनेचे कलम ३४१ वाचायला सांगू. अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपती एकदा अधिसूचित करतात. त्यानंतर तिच्यात एखादी जात घालायची किंवा वगळायची तर ती फक्त संसदेने, कायदा करून. पुढची अधिसूचना काढून खुद्द राष्ट्रपतींनाही तिच्यात बदल करता येत नाही! हळबा-कोष्टी प्रकरणात, म्हणजे महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी हाच दंडक अनुसूचित जमातींच्या यादीविषयी घालून दिला: यादी जशी आहे तशीच वाचायची, तिच्यात कोणी भर घालू नये, कोणी काढू नये. जे राष्ट्रपतींना करता येत नाही, उच्च न्यायालयाला करता येत नाही, ते अर्जाच्या पानावर कोणीतरी निनावी माणूस करून जातो आणि त्याची दखलही घेतली जात नाही. हा प्रश्न क्षुल्लक आहे काय?

यादीतल्या एका शब्दाची किंमत काय असते हे विदर्भाला कोणी शिकवू नये. ‘गोंड गोवारी’ हा एक शब्द की दोन, गोवारी आत की बाहेर, या प्रश्नासाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर मोर्चा आला आणि चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव मेले. बायका आणि लेकरे मेली. ते भांडण सर्वोच्च न्यायालयात २०२० पर्यंत चालले आणि निकाल गोवारींच्या विरोधात गेला. ‘धनगर’ आणि ‘धनगड’ यांच्यातल्या एका अक्षरावर एका मोठ्या समाजाचे राजकारण कित्येक वर्षे फिरते आहे. या लढाया छापील यादीच्या होत्या. छापील यादी निदान राजपत्रात असते, तिची प्रत मिळते, तिच्यावर बोट ठेवून भांडता येते. अर्जामागच्या यादीला राजपत्र नाही. ती काल रात्री बदलली तर आज सकाळी कोणाला कळत नाही.

आणि नेमके इथेच त्या कर्मचाऱ्याचे वाक्य पुन्हा आठवा: आम्ही काहीच नाकारलेले नाही. महाराष्ट्राच्या जातप्रमाणपत्र अधिनियमात, म्हणजे २००१ च्या अधिनियम क्रमांक २३ मध्ये, सक्षम अधिकाऱ्याने अर्ज नाकारला तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवांसाठी पोच आहे, मुदत आहे, पहिले अपील, दुसरे अपील आणि वर आयोग आहे. कायद्याची ही सगळी शिडी एका पायरीवर उभी आहे. ती पायरी म्हणजे अर्ज स्वीकारला गेला पाहिजे. यादी त्या पायरीच्याही अलीकडे उभी राहते. अर्ज दाखलच झाला नाही, म्हणून नकार नाही. नकार नाही, म्हणून कारण नाही. कारण नाही, म्हणून अपील नाही. पूर्वी गावच्या विहिरीवर अडवणारा माणूस दिसत तरी होता. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून महाडचा सत्याग्रह करता आला. आज अडवणारा दिसतच नाही. सत्याग्रह करायचा तर कोणासमोर?

आम्ही संगणकाच्या विरोधात नाही, हे इथे ठासून सांगतो. अर्ज खिडकीतून परत फेकणारा बाबू, दाखल्यासाठी हात पुढे करणारा दलाल, ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणणारा शिपाई यांचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना ऑनलाइन अर्जाचे मोल सांगायला नको. यादीच नको, मोकळी चौकट द्या, ज्याला जे लिहायचे ते लिहू द्या, असेही आम्ही म्हणणार नाही. त्याचे फळ देशाने पाहिले आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत लोकांनी सांगितले तसे लिहून घेतले गेले. १९३१ च्या जनगणनेत देशात ४,१४७ जाती मोजल्या होत्या. या गणनेत ४६ लाखांहून अधिक नावे निघाली. केंद्र सरकारने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात तसे प्रतिज्ञापत्रावर सांगितले. एकाच जातीची पन्नास स्पेलिंगे, आडनावे, पोटजाती, गोत्रे, सगळे एकत्र कालवले गेले आणि ती आकडेवारी कामाची नाही म्हणून बाजूला पडली. ज्यांना जातींचे खरे आकडे नको होते त्यांना आयतेच निमित्त मिळाले. म्हणून यादी हवीच. पण ती कोणी केली, कशावरून केली आणि तिच्यात चूक निघाली तर कोणाकडे जायचे, ही तीन उत्तरे तिच्यासोबत हवीत. बिहारच्या जातगणनेत तृतीयपंथीयांना चक्क एक जात ठरवून बावीस क्रमांक दिला गेला होता. पण तिथे क्रमांकांची यादी लोकांसमोर होती, म्हणून त्यावर आक्षेप घेता आला, उच्च न्यायालयात जाता आले. उघड यादीशी भांडता येते.

हा मुद्दा आजच का, असे विचाराल तर त्याचे उत्तर जनगणना हे आहे. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जातनिहाय गणनेचा निर्णय घेतला आणि १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने जनगणना २०२७ जाहीर केली. तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. ही देशाची पहिली डिजिटल जनगणना. कागदाच्या अनुसूचीऐवजी मोबाईल, आणि नागरिकाला स्वतःच माहिती भरण्याची सोयही. म्हणजे बाभूळगावच्या त्या मुलीसमोर जी चौकट आली तिच्यासारखी चौकट प्रत्येक बौद्ध घरासमोर येणार आहे.

मागचा अनुभव काय सांगतो? २०११ साली महाराष्ट्रात बौद्धांची संख्या सुमारे ६५ लाख ३१ हजार नोंदली गेली. त्यांपैकी अनुसूचित जातीचे म्हणून नोंदले गेले सुमारे ५२ लाख. उरलेले १३ लाखांहून अधिक बौद्ध कोण? त्यांत अन्य समाजांतून धम्मात आलेले आहेत, आदिवासी आहेत, हे खरे. पण वस्त्यावस्त्यांतून फिरणाऱ्या आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना हेही ठाऊक आहे की अनेक घरांत धर्म ‘बौद्ध’ असे अभिमानाने सांगितले गेले आणि त्याच्या पाठोपाठचा अनुसूचित जातीचा प्रश्न एकतर विचारलाच गेला नाही, किंवा विचारला तेव्हा ‘आम्हाला आता जात नाही’ असे उत्तर दिले गेले. घटनेच्या कलम ३३० आणि ३३२ नुसार लोकसभेतल्या व विधानसभेतल्या राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. राज्याच्या विधानसभेत आज २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आहेत. आपल्या जिल्ह्यात त्यांतली एक, उमरखेड. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधीही लोकसंख्येच्या प्रमाणातच मागितला जातो. गळालेल्या प्रत्येक नोंदीबरोबर आपला वाटाही गळतो.

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो आपल्या बैठकांतून नेहमी उठतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने ‘महार’ या शब्दावर बोट का ठेवावे? ज्या नावाने आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवले ते नाव आपल्याच मुलीच्या बोटाने का निवडावे? हा प्रश्न विचारणाऱ्यांची आम्ही टिंगल करणार नाही. आमच्या मनातही तो सलतो. दर वर्षी पोरांचे फॉर्म भरताना तो नव्याने सलतो. पण आम्ही विचारांती या मतावर आलो आहोत की धर्म आपण कोण आहोत ते सांगतो आणि अनुसूचित जातीची नोंद आपल्याशी काय केले गेले ते सांगते. ती नोंद म्हणजे आपली ओळख नव्हे. ती या देशाने मान्य केलेल्या कर्जाची पावती आहे. पावती फाडली म्हणून कर्ज फिटत नाही, फक्त वसुली थांबते. म्हणून धर्म: बौद्ध. अनुसूचित जाती: होय. जात: दाखल्यावर आहे तीच. या तिन्ही चौकटी न लाजता, न चुकता भरल्या पाहिजेत. आणि यादी बौद्ध म्हणताच अनुसूचित जाती पुसत असेल, तर ‘हिंदू’ टाकून फॉर्म काढायचा नाही. तो फॉर्म निघतो, पण दाखल्यावर बौद्ध आणि अर्जावर हिंदू ही तफावत पडताळणीच्या वेळी मानेवर बसते. त्याहून वाईट हे की त्या एका बोटाने छप्पन सालचा निर्णय कागदोपत्री मागे घेतला जातो. असे हजारो बोटांनी झाले तर उद्या आकडा दाखवून सांगतील, पाहा, हे तर हिंदूच!

मग करायचे काय? आमच्या मागण्या चार आहेत.

पहिली, ज्या सरकारी अर्जात धर्म, प्रवर्ग आणि जात विचारली जाते त्या प्रत्येक अर्जामागची संपूर्ण यादी, कोणता पर्याय कशाला जोडला आहे यासह, सामाजिक न्याय विभागाने प्रसिद्ध करावी. आणि ती बदलली तर बदलाची तारीख व आदेश क्रमांकही द्यावा.

दुसरी, धर्माच्या उत्तरावरून अनुसूचित जातीचा पर्याय फक्त १९५० च्या आदेशाच्या आजच्या मजकुराप्रमाणेच उघडावा किंवा झाकावा. हिंदू, शीख व बौद्ध तिघांनाही तो दिसलाच पाहिजे. अल्पसंख्याक हा प्रश्न वेगळ्या चौकटीत विचारावा.

तिसरी, प्रत्येक यादीच्या तळाशी ‘माझा पर्याय यादीत नाही’ अशी ओळ असावी. ती निवडणाऱ्याचा अर्ज अडू नये. त्याला अर्ज क्रमांक मिळावा आणि तो अर्ज जिवंत माणसासमोर, सही करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर जावा. क्रमांक मिळाला की कायद्याची सगळी शिडी आपल्यासाठी खुली होते.

चौथी, जनगणनेच्या मोबाईलवर धर्म ‘बौद्ध’ नोंदवल्यावर अनुसूचित जातीचा प्रश्न कसा येतो हे प्रगणकांच्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष दाखवले जावे आणि जिल्हा प्रशासनाने समाजाच्या प्रतिनिधींनाही ते दाखवावे.

मागण्या सरकारकडे, पण काही कामे आपलीही आहेत. यादीत पर्याय नसेल तर पडद्याचा फोटो काढा. त्यावर तारीख-वेळ दिसू द्या. त्याच दिवशी तो संबंधित कार्यालयाच्या आवक विभागात लेखी तक्रारीसोबत द्या आणि पोच घ्या. संगणकाने नकार कागदावर दिला नाही, तर तो कागद आपणच तयार करायचा! माहितीच्या अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. त्याच कायद्याखाली ती यादीही मागा. विहाराविहारांतून रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढा, लेकरांची शाळेची कागदपत्रे आणि दाखले एकमेकांशी ताडून पाहा. आणि पुण्या-हैदराबादेत संगणकाच्या कंपन्यांत बसलेल्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे: बाळांनो, ज्या तक्त्यांमुळे आपली माणसे अडतात ते तक्ते तुम्हाला वाचता येतात, आम्हाला येत नाहीत. सुट्टीत गावी याल तेव्हा जवळच्या केंद्रावर एक तास बसा. आमच्या पिढीने कलमे वाचायला शिकून घेतली. तुमच्या पिढीने हे तक्ते वाचून दाखवले पाहिजेत.

त्या मुलीचे काय झाले? आम्ही १९९० च्या कायद्याची प्रत जोडून लेखी निवेदन दिले, पोच घेतली, वर आठवणपत्र पाठवले. काही दिवसांनी यादी दुरुस्त झाली. कोणी केली, केव्हा केली, हे कोणी सांगितले नाही. मधल्या काळात अर्जाची मुदत वाढली होती म्हणून तिचा अर्ज बसला. मुदत वाढली नसती तर एक वर्ष गेले असते, आणि शेतमजुराच्या घरात मुलीचे एक वर्ष गेले म्हणजे बहुधा शिक्षणच गेले. तिच्या आधी त्या केंद्रावर किती जणांनी ‘हिंदू’ टाकून अर्ज काढला, हे आम्ही त्या मुलाला विचारले. तो गप्प बसला. मग म्हणाला, “साहेब, लिहून नाही ठेवलं.”

लिहून ठेवण्याचे काम आता आपण सुरू केले पाहिजे.

जयभीम!